सावलीत काढलेला हंगाम

आमच्या घरी तोंड धुवायचं विहिरीवर आणि आरसा टांगलेला ओटीवरच्या खांबाला. त्यामुळे आरशात बघायचं म्हणजे सगळ्या घरादेखत, रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्यादेखत बघायचं. पंधराव्या वर्षापर्यंत मला त्याचं काही वाटलं नाही. मग एका पावसाळ्यात कपाळावर चार-दोन पुटकुळ्या आल्या, गणपतीच्या दिवसांत त्या गालांवर उतरल्या आणि नाताळपर्यंत हनुवटीसुद्धा सुटली नाही. वर्गातल्या बऱ्याच मुलींना मुरुमं होती, पण त्यांची येत आणि जात. माझी आतून ठणकणारी, हरभऱ्याएवढी, लाल. एक बसली की शेजारी दुसरी उठे. मी ओटीवरच्या आरशाकडे बघायचं सोडलं आणि वेणी विहिरीच्या काठावर बसून, अंदाजाने घालू लागले.

आमची वाडी होळी नावाच्या बाजारपेठेपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर. पुढे अळू, वांगी, मुळा, मोगऱ्याचे दोन वाफे, मागे केळी. बाबांचा दिवस विहिरीवरच्या पंपाच्या फटफटीने सुरू होई. तो आवाज बंद पडला की शेजारची माणसं विचारायला येत, इतकी त्याची सवय. आई पहाटेच्या अंधारात भाजीच्या जुड्या बांधून बाजारात जाई ती दुपारच्या जेवणाला परत. घर चाले ते रेजीआतेच्या हुकमावर. रेजीआते बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परतली ती कायमची. लाल चौकडीचं लुगडं, उंच आवाज आणि अख्ख्या गावात कुणाच्याही घरात सल्ला द्यायचा अधिकार. पावसाळा सरला की तिचा खरा हंगाम सुरू होई, सुकेळ्यांचा.

ज्यांनी सुकेळी फक्त दुकानात पाहिलीत त्यांना सांगते. राजेळी केळ्यांचे घड आढीत पिकवायचे, सालं काढायची आणि सोललेली केळी मांडवावर चटईवर ओळीने मांडून उन्हात सुकवायची. दिवसातून तीन-चार वेळा एकेक केळं उलटायचं, संध्याकाळी दव पडायच्या आत सगळी गोळा करून चटईत गुंडाळायची, सकाळी पुन्हा पसरायची. आठवडाभरात केळ्याचा मध होतो, रंग जुन्या तांब्यासारखा, आणि अंगणभर असा वास सुटतो की गांधीलमाश्यासुद्धा भांडायला लागतात. शेवटी केळीच्या वाळलेल्या सोपटात बांधून त्यांचे पुडे करायचे. उलटायचं काम माझं. माझी बोटं हलकी, केळं तुटत नसे. आते दुसऱ्या कुणाला मांडवावर हात लावू देत नसे.

मुरुमांवर घरगुती उपायही तिच्याच ताब्यात. जायफळ दुधात उगाळून झालं, हळद झाली, मसुराचं पीठ झालं, कडुलिंबाचा पाला वाटून झाला. कुणीतरी सांगितलं की सकाळी उठल्याउठल्या, तोंड न धुता, आपलीच थुंकी लावायची. तेही केलं. सुक्या बोंबलांची चटणी बंद, सणाला तळायच्या मैद्याच्या फुग्या बंद, डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट इंद्याल तर नजरेलाही नको. मी तांदळाची भाकरी आणि दुधीची भाजी खात बसायची आणि समोर बाकीचे जेवायचे. तोंडावर पिवळे, हिरवे, तपकिरी लेप बदलत गेले, खालची मुरुमं जिथल्या तिथे.

इथे मला ती सकाळ सांगितली पाहिजे, आमच्या चर्चच्या वार्षिक सणाची, जो नाताळानंतर येतो. आजवर मी ती फार थोड्या लोकांना सांगितली आहे. माझा आवाज चांगला होता. संध्याकाळच्या जपमाळेनंतर, म्हणजे रोझरीनंतर, घरी सुरात गायची ती लदीनची प्रार्थना मीच म्हणायची आणि पलीकडच्या घरातली माणसं आपली प्रार्थना थांबवून ऐकायची, असं आई सांगे. आमच्या चर्चच्या मोठ्या फादरांनी त्या वर्षी ठरवलं की सणाच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, बायबलमधलं पहिलं वाचन एका मुलीने करायचं. तोवर वाचायला पुरुषच उभे राहत. त्यांनी मला निवडलं. मैदानात मांडव घातलेला, गावच्या पाचही वाड्यांची माणसं, पाहुणे, बँडवाले. मी पायऱ्या चढून माईकपाशी गेले. नाकाच्या शेंड्यावर त्या सकाळी एक मोठं मुरूम पिकलेलं होतं. समोरच्या बाकावर माझ्याच वयाच्या दोन मुली. एक दुसरीच्या कानात काही बोलली आणि दुसरी बोट हळूहळू हलवत माझ्या तोंडावरचे दाणे मोजू लागली. ओठ हलत होते तिचे. एक, दोन, तीन. मी पुस्तकाकडे पाहिलं, अक्षरं दिसत होती, पण गळ्यातून काही निघेना. माईकमधून सगळ्या मैदानाला फक्त माझा श्वास ऐकू गेला. शेवटी फादर स्वतः आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला बाजूला केलं आणि वाचन स्वतः केलं. मी पायऱ्या उतरून सरळ घरी आले. जेवायला पाहुणे होते, मी केळीच्या वाफ्यांत जाऊन बसले.

त्यानंतर वर्षभर मी पहिल्या, पहाटेच्या मिस्साला जायची, कारण तेव्हा चर्चमध्ये उजेड कमी असे, आणि खांबामागे बसायची. लदीन म्हणायचंही सोडलं. कॉलेजात ओढणी अशी घ्यायची की अर्धा गाल झाकला जाईल. आज माझी नात तोंडावर काही आलं की मैत्रिणींना फोटो पाठवून विचारते, ‘हे काय असेल गं?’ तिचा मला हेवा वाटतो. आम्हाला लपवण्यापलीकडे काही सुचत नसे.

बाबा कमी बोलणारे. त्यांनी काही पाहिलंय असं मला वाटलंच नव्हतं. पाऊस ओसरल्यावर एके सकाळी ते केळीवर औषध फवारत होते आणि मी बादली धरून मागे उभी होते. तोंडावर हळदीचा लेप. त्यांनी फवारणीचा पंप खाली ठेवला.

“किती दिवस हळद लावतेस, बाय?”

“दोन वर्षं झाली.”

“केळीवर करपा आला तेव्हा मी काय केलं? हळद लावली?”

मी बादली दुसऱ्या हातात घेतली.

“जान्त्या मानसाला पान नेऊन दाखवलं. त्यानं औषध लिहून दिलं, ते मारलं. केळीसाठी एवढं करतो आनि...”  त्यांनी पंप उचलला आणि ते पुढच्या रांगेत गेले. (आमच्या घरच्या बोलीत ‘ण’ नाही. ती सगळीच्या सगळी इथे लिहिली तर तुम्हाला जड जाईल, म्हणून थोडीशीच ठेवते आहे.)

बाबा आठवड्यातून दोनदा टेम्पो घेऊन वांद्र्याला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाजी घालायचे. तिथल्या एका नर्सबाईंना त्यांनी विचारलं. त्यांनी त्वचेच्या डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं. मला तर ठाऊकच नव्हतं की नुसत्या कातडीचा वेगळा डॉक्टर असतो. आते म्हणाली, “मुरमांना डॉक्टर? लग्न झालं की जातात. देवानं दिलेलं तोंड, त्याला इंग्लिश औषधं कशाला चोपडायची?”  गुरुवारी पहाटे बाबांनी अळूच्या गाठोड्यांशेजारी, टेम्पोच्या पुढच्या सीटवर मला बसवलं आणि निघाले.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस आखूड, पायात साध्या चपला. त्यांनी हात धुतले, मला खिडकीपाशी उजेडात बसवलं आणि दोन्ही हातांनी माझी हनुवटी वर केली. बोटांनी गाल, कपाळ, जबडा चाचपला. घरची माणसं लेप लावत तेही बोटाच्या टोकाने, तोंड वाकडं करून. दोन वर्षांत कुणी माझा चेहरा असा, चेहऱ्यासारखा, हातात घेतला नव्हता. माझे डोळे भरून आले. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

“मी तोंड नीट धूत नाही म्हणून होतं का?” मी विचारलं.

“नाही. उलट फारच घासतेस. तुझी काहीही चूक नाही.”

मग त्यांनी एका मलमाची चिठ्ठी लिहिली आणि समजावून सांगितलं. नवीन औषध आहे, चिठ्ठीशिवाय मिळत नाही, कुणाला उसनं द्यायचं नाही. झोपण्याआधी तोंड साध्या पाण्याने धुवायचं, पूर्ण सुकू द्यायचं, मग सगळ्या तोंडाला मिळून एका वाटाण्याएवढं. फोडायचं नाही, घासायचं नाही, बाकीचे सगळे लेप बंद. “आणि ऐक, पहिला महिना तुला वाटेल की मी तुझा सत्यानाश केला. कातडी सोलेल, लाल होईल, आतली मुरुमं वर येतील. घाबरून बंद करायचं नाही. तीन महिने. आणि ऊन टाळायचं. ऊन लागलं तर भाजल्यासारखं होईल.”

बाबांनी विचारलं, “ऊन किती टाळायचं?”

“जेवढं जमेल तेवढं सगळं.”

बाबांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. सुकेळ्यांचा हंगाम पुढच्या सोमवारी सुरू होत होता.

आतेचा संताप मी वर्णन करत बसत नाही. “मांडव कोन सांभाळनार? डॉक्टरीन?” बाबांनी शांतपणे सांगितलं, “तू सांभाळ. ही सावलीत सोलंल आनि बांधंल.” त्यांनी पडवीला नारळाच्या झावळ्यांचा आडोसा केला आणि मी त्याच्यात बसून त्या वर्षी शेकडो केळी सोलली. कॉलेजला जाताना छत्री, येताना छत्री. आश्विनातल्या कोरड्या उन्हात छत्री धरून चालणारी मुलगी पाहून लोक हसत. अंगणात आते वाकून केळी उलटत असे आणि दर चार केळ्यांमागे एकदा आडोशाकडे बघून काहीतरी पुटपुटे.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. म्हणून मी वेडेपणा केला. वाटाण्याऐवजी बोटभर मलम घेतलं आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा लावलं, तीन दिवस. मला वाटलं, दुप्पट लावलं तर निम्म्या दिवसांत जाईल. चौथ्या सकाळी तोंड असं पेटलं की विहिरीचं गार पाणीसुद्धा झोंबलं. नाकाच्या बाजूंची, ओठांच्या कोपऱ्यांची कातडी पापुद्रे पापुद्रे होऊन सुटू लागली. हसता येईना, भाकरी चावताना दुखे. त्यातच खालून नवी मुरुमं वर आली. आई बाजारातून आली, टोपली डोक्यावरून उतरवायच्या आधीच तिने मला पाहिलं आणि आतेला हाक मारली. आतेने आत जाऊन माझ्या उशीखालची ट्यूब काढली, स्वतःच्या पेटीत टाकली आणि किल्ली कनवटीला लावली.

“ह्या घरात तोंड जाळायचं औषध नको.”

बाबांनी मला पुन्हा वांद्र्याला नेलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, “किती लावलंस?” मी खरं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्या हसल्या. “सगळे एकदा करतात. चार दिवस बंद, मग एक दिवसाआड, वाटाण्याएवढं. औषधाचं चुकलेलं नाही, तुझ्या घाईचं चुकलं.” परतताना बाबांनी घोडबंदरला टेम्पो थांबवून चहा घेतला. मग म्हणाले, “ट्यूब मी मागनार नाही. आतेकडनं तूच मागायची.”

चार दिवस मी तो प्रसंग पुढे ढकलला. पाचव्या दिवशी रोझरी झाल्यावर, सगळे गुडघ्यांवरून उठत असताना, मी आतेसमोर उभी राहिले. तिच्यासमोर उभं राहून काही मागायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

“आते, माझं औषध द्या.”

“कशाला? पुन्हा जाळून घ्यायला?”

“मी चुकीचं लावलं होतं. आता बरोबर लावीन. तोंड माझं आहे, आते. बरं झालं तर माझं होईल, बिघडलं तर माझं बिघडेल. दोन वर्षं मी तुम्ही सांगाल ते सगळं लावलं. आता तीन महिने मला माझं लावू द्या.”

माझा आवाज थरथरला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.  आतेने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात टाकली. “पेटीत डाव्या कोपऱ्यात आहे,” एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी घड्याळ लावल्यासारखी चालले. एक दिवसाआड, मग रोज. तोंड सोलत होतंच, लाल होतंच, पण आता मला ठाऊक होतं की हे असंच होणार आहे, आणि ठाऊक असलेल्या गोष्टीची भीती निम्मी होते. अशातच नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारी मोठ्या मिस्साआधी फादरांनी मला चर्चच्या दारात गाठलं. त्या दिवशी आईला बरं नव्हतं म्हणून पहाटेचा मिस्सा चुकला होता आणि भर उजेडात यावं लागलं होतं. वाचणारे गृहस्थ आले नव्हते.

“वाचशील?” फादरांनी विचारलं. माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनाही प्रश्न पडला असावा, कारण लगेच म्हणाले, “नाही म्हणालीस तरी चालेल.”

हनुवटीवर पापुद्रे, गाल टोमॅटोसारखे, कपाळावर तीन ताजी मुरुमं. आयुष्यात इतकी वाईट मी कधीच दिसले नव्हते. मला आठवतं, मी मनात म्हटलं, आता यापेक्षा वाईट काय दिसायचं राहिलंय? आणि एकदम हसू आलं. सोललेली कातडी ताणली गेली, दुखलं, तरी हसू आलं. मी ओढणी गालावरून काढून दोन्ही खांद्यांवर नीट घेतली आणि म्हटलं, “वाचते, फादर.”

मी माईकपाशी उभी राहिले तेव्हा कुजबुज झाली. मी ती ऐकली. थांबून ती संपू दिली. मग वाचायला सुरुवात केली. संदेष्ट्याचा उतारा होता, रानात वाट तयार करण्याबद्दलचा. पहिल्या ओळीनंतर मला माझा आवाज चर्चच्या मागच्या भिंतीवर जाऊन परत येताना ऐकू आला, आणि मग मी त्याच्याशी खेळल्यासारखी वाचत गेले. जिथे थांबायचं तिथे थांबले, जिथे चढवायचा तिथे चढवला. कुणी दाणे मोजत असेल तर मोजो बापडं. वाचन संपल्यावर लोकांनी रिवाजाप्रमाणे एका आवाजात ‘देवाला धन्यवाद’ म्हटलं तेव्हा माझ्या पायांतून काहीतरी सळसळत वर गेलं. पुढे तीस वर्षं मी शाळेत शिकवलं, सभा गाजवल्या, पण त्या रविवारचा आनंद पुन्हा तसा मिळाला नाही.

बाकीचं मलमाने केलं. नाताळात सोलणं थांबलं. नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात आईने बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाली, “गो, गाल मऊ लागतो.” नवी गाठ उठायची थांबली होती. जुनी एकेक बसत गेली, खाली फिकट डाग ठेवून. सणापर्यंत डागही पुसट झाले. सणाच्या मिस्साला फादरांनी न विचारताच माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं. मी वाचलं, घरी आले, आणि दोन वर्षांनी इंद्यालाचं पातेलं माझ्यासमोर ठेवलं गेलं. मी सात फुग्या खाल्ल्या. आतेने आठवी स्वतःच्या हाताने वाढली.

पण खरी गंमत सणानंतरच्या रविवारी. मिस्सा झाल्यावर चर्चसमोरच्या क्रूसापाशी तीन मुली माझी वाट बघत उभ्या होत्या. पाठीमागून आणखी दोन आल्या. त्यांतली एक तीच, बोटाने मोजणारी. तिच्या कपाळावर आता ओळीने पुरळ उठलं होतं. “काय लावलंस गं? थोडं देशील?” तिने खाली बघत विचारलं. क्षणभर, खोटं कशाला सांगू, मला तिच्या कपाळावरचे दाणे मोजावेसे वाटले. मोजले नाहीत. म्हटलं, “ते उसनं द्यायचं नसतं. प्रत्येकीचं तोंड वेगळं. डॉक्टरबाईंना दाखवावं लागतं.”

“आम्हाला कोण नेणार?”

मी घरी जाऊन बाबांना विचारलं. ते पंपाचा पट्टा बदलत होते. “भाजी कमी भरतो,” ते म्हणाले.

गुरुवारी पहाटे आमच्या टेम्पोत मागे मुळ्याच्या जुड्या आणि पाच मुली, पोत्यांवर बसलेल्या, शाली गुंडाळून. मी कुठे धरून कसं बसायचं ते सांगत होते, जणू मी रोजचीच प्रवासी. टेम्पो निघणार तेवढ्यात घरातून रेजीआते आली. सणाचं लुगडं नेसलेली, केस तेल लावून बसवलेले. ती सरळ पुढच्या सीटवर चढली. बाबांनी विचारलं, “तू कुठं?” तिने समोर बघतच उत्तर दिलं, “पोरींबरोबर मोठं मानूस नको?”

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातला बाक आम्हा सगळ्यांनी भरून गेला. मुली एकमेकींच्या पाठीमागे लपत होत्या. डॉक्टरबाईंनी दार उघडलं, आधी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि मोठ्याने हसल्या. मग सगळ्या बाकावर नजर फिरवली. “पहिली कोण?”

सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. एकही उठेना. तेव्हा बाकाच्या टोकाकडून आते उठली. पदर सावरला, डॉक्टरबाईंसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही तळहात पुढे केले. केळीच्या चिकाने काळे पडलेले, खोल भेगांचे, दोन भेगांतून ओलं रक्त दिसत होतं. एकाच घरात राहून मी ते हात कधी उलटे करून पाहिले नव्हते.

“मी,” आते म्हणाली. “तीस वर्षं झाली.”

डॉक्टरबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि तिला आत नेलं. आणि बाकावरच्या मुली, एकीमागून एक, उठून रांगेत उभ्या राहिल्या.